रंगांचा नाद लागलेला डॉक्टर

गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगमधल्या एका मित्राचा खोकला तीन आठवडे झाले तरी जाईना. आधी सगळ्यांनी चेष्टा केली. मग हळूहळू त्याच्या ग्लासने पाणी पिणे बंद झाले, आणि त्याच्या रूममध्ये पत्ते खेळायला जाणारेही कमी झाले. कुणी तोंडाने बोलत नव्हते, पण सगळ्यांच्या मनात एकच दोन अक्षरी शब्द होता. शेवटी मेसच्या मावशींनी दम दिला तेव्हा तो आणि मी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला गेलो.

तिथले लॅबवाले काका एकदम मोकळे निघाले. इंजिनिअरिंगची पोरं म्हटल्यावर त्यांनी आम्हाला मायक्रोस्कोपमधून एक दुसरी, आधीच पॉझिटिव्ह ठरलेली स्लाइड दाखवली. पूर्ण काळोख, आणि त्या काळोखात पिवळ्या-हिरव्या, चमकणाऱ्या, बारीक काड्या. दिवाळीत लांबच्या शेतात कुणी फुलबाज्या लावाव्यात तशा. ते टीबीचे जंतू होते. खरं सांगतो, इतकी वाईट गोष्ट इतकी सुंदर दिसेल असं वाटलं नव्हतं. काकांनी बाटली दाखवली. तिच्यात ऑरामिन नावाचा पिवळा रंग होता. आधी हा रंग स्लाइडवर ओतायचा, मग ॲसिड घातलेल्या अल्कोहोलने धुवायचा. बाकी सगळ्यांवरचा रंग निघून जातो, टीबीच्या जंतूवरचा जात नाही. ही युक्ती कुणी शोधली, असं विचारल्यावर काका म्हणाले की ते काही ठाऊक नाही, ट्रेनिंगमध्ये फक्त कृती शिकवतात. म्हणून मी शोधायला बसलो आणि पॉल एर्लिख सापडला.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या मॅडमनी पोटात घालाव्यात.)

पॉल एर्लिखचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन या गावी झाला. तेव्हा ते प्रशियात होते, आता पोलंडमध्ये आहे. कुटुंब ज्यू, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी. वडिलांचा दारू गाळण्याचा धंदा होता आणि त्याच्या जोडीला लॉटरीचे कामही. आईचे माहेरचे आडनाव वायगर्ट. हे आडनाव लक्षात ठेवा, कारण आईकडचा एक भाऊ, कार्ल वायगर्ट, पॉलपेक्षा नऊ वर्षांनी मोठा होता आणि पॅथॉलॉजिस्ट झाला होता. जंतू आणि पेशी रंगवण्यासाठी कापडाचे नवे रंग वापरायला सुरुवात करणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता. आपल्याकडे एखादा मामेभाऊ पुण्याहून येतो आणि घरातल्या पोराला कॉम्प्युटरचा नाद लावून जातो, तसं इथे झालं. पॉलला रंगांचा नाद लागला तो मरेपर्यंत सुटला नाही.

इथे थोडं थांबून रंगांबद्दल सांगायला हवं. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने (म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या वयाच्या!) कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या पदार्थांशी खटपट करताना चुकून जांभळा रंग बनवला. त्यानंतर युरोपात, विशेषतः जर्मनीत, रंगांच्या कारखान्यांची लाट आली. आपल्या खामगावची कापसाची बाजारपेठ त्याच काळात नावारूपाला येत होती. वऱ्हाडातला कापूस साहेबाच्या गिरण्यांत जायचा आणि तयार कापडावर चढवायला हे डांबरातले रंग होते. अशा रंगांचं एक विशेष असतं. एक रंग लोकरीला घट्ट धरतो आणि सुती कापडाला धरतच नाही, तर दुसऱ्याचं उलटं. घरी जुना सुती कुर्ता रंगवून बघा, कापड रंगतं आणि पॉलिस्टरच्या दोऱ्याची शिलाई पांढरीच राहते. रंगाऱ्याला हे रोजचंच आहे. एर्लिखने मात्र विचारलं की असं का? रंग एकाला धरतो आणि शेजारच्याला सोडतो, म्हणजे रंगाच्या रेणूत असं काहीतरी आहे जे समोरच्या रेणूत नेमकं बसतं. मग शरीरातल्या पेशींचंही तसंच असलं पाहिजे. त्याचं पुढचं सगळं आयुष्य या एका प्रश्नावर गेलं म्हटलं तरी चालेल.

(या विषयाचं मोठं काम आपल्या महाराष्ट्रातही झालं आहे. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटीत, प्रा. के. वेंकटरामन होते. १९५२ पासून त्यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर जाडजूड खंड काढले. ते जगभर वापरले गेले.)

शाळेत एर्लिख लॅटिन आणि गणितात चांगला होता, पण परीक्षा या प्रकाराची त्याला मनापासून चीड. जीवन हे एक स्वप्न आहे, अशा विषयावर त्याला निबंध लिहायचा होता अशी एक गोष्ट सांगतात. बाकी मुलांनी कविता केल्या असतील. याने लिहिलं की जीवन म्हणजे ऑक्सिडेशन आणि स्वप्न म्हणजे मेंदूची एक प्रकारची चकाकी. मास्तरांनी अर्थातच मार्क कापले. मला तर तो निबंध पूर्ण वाचायला आवडला असता.

मेडिकलला गेल्यावरही तोच प्रकार. ब्रेस्लाऊ, स्ट्रासबर्ग, फ्रायबर्ग, लाइपझिग अशी कॉलेजं बदलत तो शिकला. स्ट्रासबर्गला वाल्डायर नावाचे नामांकित प्राध्यापक होते. डिसेक्शनच्या तासाला सगळ्यांची टेबलं स्वच्छ आणि एर्लिखचं टेबल लाल, निळ्या, जांभळ्या डागांनी भरलेलं. सरांनी चौकशी केली, तर हा आपला नुसते प्रयोग करून बघतोय. वाल्डायर रागावले नाहीत, त्यांनी त्याला त्याच्या मार्गाने जाऊ दिलं. असे सर मिळायला भाग्य लागतं! त्या खटपटीतूनच त्याला शरीरातली एक नवीनच पेशी सापडली, जिला आज मास्ट सेल म्हणतात. १८७८ मध्ये त्याने डॉक्टरेटचा प्रबंधही पेशी रंगवण्याच्या शास्त्रावरच लिहिला. त्याच्या दोन वर्षं आधी रॉबर्ट कॉख ब्रेस्लाऊला आले होते. तेव्हा हा मुलगा रंगवण्यात फार हुशार आहे पण परीक्षा काही पास होणार नाही, अशी त्याची ओळख करून दिली गेली, असं म्हणतात. एटीकेटीवाल्यांनी नोंद घ्यावी. पण पुढे तो पास झाला हेही वाचावे.

डॉक्टर झाल्यावर तो बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलमध्ये लागला. तिथले मुख्य फ्रेरिख्स यांनी त्याला मोकळीक दिली. रक्ताचा थेंब काचेवर पसरवायचा, वाळवायचा, तापवायचा आणि वेगवेगळे रंग टाकून बघायचे, हे त्याचे काम. एर्लिखने दाखवलं की काही पेशींतले कण आम्लधर्मी रंग घेतात, काहींतले अल्कधर्मी, तर काहींना दोन्हींचे मिश्रण लागते. इओसिन नावाचा लाल रंग घेणाऱ्या पेशींना त्याने इओसिनोफिल म्हटलं. डेंग्यूच्या सीझनमध्ये आपण सगळ्यांनी सीबीसीचा रिपोर्ट काढलेला आहे, त्यात न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल अशी ओळीने नावे असतात. ही सगळी त्याच्या रंगांच्या बाटल्यांतून निघालेली नावे आहेत.

आता काकांच्या स्लाइडकडे येतो. २४ मार्च १८८२ च्या संध्याकाळी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्या काळी युरोपात सातातला एक माणूस टीबीने मरतो, असं कॉखनी त्याच भाषणात मांडलं होतं. एर्लिख श्रोत्यांत होता. कॉखची जंतू रंगवण्याची पद्धत वेळखाऊ होती. एर्लिख तिथून निघाला तो थेट कामाला लागला. रात्री रंगवलेल्या काचा त्याने वाळायला म्हणून विझलेल्या लोखंडी शेगडीवर ठेवल्या. सकाळी कामवाल्या बाईने नेहमीप्रमाणे शेगडी पेटवली. काचा वाया गेल्या असंच कुणालाही वाटलं असतं. पण उष्णतेने रंग जंतूच्या मेणासारख्या आवरणात आणखी घट्ट बसला होता. ही शेगडीची गोष्ट थोडी मीठमसाला लावलेली असेल, पण त्याच वर्षी त्याने पद्धत प्रसिद्ध केली हे नक्की. एकदा आत शिरलेला रंग टीबीचा जंतू ॲसिडने धुतलं तरी सोडत नाही, हे त्याने दाखवलं आणि कॉखनी त्याची पद्धत लगेच उचलली. पुढे झील आणि नील्सन यांनी तिच्यात सुधारणा केल्या. ऑरामिन खूप नंतर आले, पण ॲसिडने धुवायची कल्पना एर्लिखचीच.

पण यात एक गोची आहे. काका स्लाइड आधी तापवतात, म्हणजे जंतू मरतो आणि मग आपण त्याला रंगवतो. हा मेलेल्या पेशीचा फोटो झाला. एर्लिखला जिवंत पेशी बघायची होती. तिथे अडचण दुहेरी आहे. रंगाने पेशीच्या भिंतीतून आत जायचं, एकाच ठिकाणी बसायचं आणि पेशीला मारायचं मात्र नाही.

त्याच १८८२ साली त्याने सशाच्या शरीरात फ्लोरेसिनचे द्रावण टोचले. हा रंग १८७१ मध्ये बायर या जर्मन केमिस्टने बनवला होता. निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश बाहेर टाकणे, हा त्याचा गुण. यालाच फ्लुओरेसन्स म्हणतात, हे नाव १८५२ मध्ये स्टोक्सने दिलं (हो, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपल्याला छळणारा तोच स्टोक्स). थोड्या वेळाने सशाच्या डोळ्यात, पारदर्शक पडद्यामागच्या पाण्यात, एक हिरवी रेघ चमकताना दिसली. रक्तातून रंग डोळ्यात उतरला होता आणि ससा ठणठणीत होता. आज डोळ्यांच्या दवाखान्यात रेटिनाच्या रक्तवाहिन्या बघताना हाताच्या शिरेतून हेच औषध देतात. गंमत म्हणजे वर सांगितलेला इओसिन हा याच फ्लोरेसिनचा भाऊ आहे, चार ब्रोमीन अणू लावलेला.

त्यानंतर आले मेथिलीन ब्ल्यू. मला वाटतं याच्याइतका कामाचा रंग जगात दुसरा नसेल. १८७६ मध्ये कारो नावाच्या केमिस्टने तो एका रंगाच्या कंपनीत कापडासाठी बनवला. एर्लिखने तो जिवंत प्राण्यांच्या रक्तात सोडला, आणि १८८६ मध्ये लिहिलं की जिवंत मज्जातंतूंची टोकं निळी होतात आणि शेजारचे बाकी सगळे जवळजवळ बिनरंगी राहते. मेलेल्या तंतूंत असं होत नाही. नसांचं जाळं पहिल्यांदाच कुणी असं जितंजागतं पाहिलं. ऑक्सिजन काढून घेतला की या रंगाचा निळेपणा जातो आणि हवा लागली की परत येतो. केमिस्ट्रीच्या प्रात्यक्षिकात निळी बाटली हलवायचा प्रयोग अनेकांनी केला असेल, तो हाच. म्हणजे रंग नुसता जागा दाखवत नव्हता, तर तिथे काय चाललंय हेही सांगत होता. त्याच सुमारास त्याने अशाच रंग बदलणाऱ्या दुसऱ्या रंगांनी कोणत्या अवयवाला ऑक्सिजनची किती भूक आहे, हे तपासून एक पुस्तकही लिहिलं होतं.

एका गोष्टीत तो चुकला. काही रंग टोचल्यावर सगळं शरीर रंगायचं, पण मेंदू पांढराच राहायचा. एर्लिखने निष्कर्ष काढला की मेंदूला त्या रंगांची ओढच नाही. पुढे त्याचाच विद्यार्थी गोल्डमन याने ट्रायपॅन ब्ल्यू मेंदूभोवतालच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू रंगला. ओढ होती, पण रक्त आणि मेंदू यांच्यात दार बंद होतं. हे दार आज प्रत्येक औषध बनवणाऱ्याची डोकेदुखी आहे.

दरम्यान १८८३ मध्ये त्याचं लग्न हेडविग पिंकुस हिच्याशी झालं. ती कापड कारखानदाराची मुलगी, म्हणजे इथेही कापडाने पिच्छा सोडला नाही. दोन मुली झाल्या. १८८५ मध्ये फ्रेरिख्स वारले आणि नवीन साहेबांशी त्याचं तेवढं जमलं नाही. आणि मग १८८८ च्या सुमारास, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, एर्लिखला खोकला लागला. त्याने स्वतःची थुंकी काचेवर घेतली, स्वतःच्या पद्धतीने रंगवली, ॲसिडने धुतली आणि पाहिलं. रंग गेलेला नव्हता.

हे वाचताना मी दवाखान्याच्या बाकड्यावर माझ्या मित्राशेजारी घालवलेला अर्धा तास आठवत होतो. आमच्या रिपोर्टची वाट काका बघत होते, इथे तर काकाही हाच आणि पेशंटही हाच. तेव्हा टीबीवर औषध नव्हतं. कोरडी हवा, ऊन आणि विश्रांती एवढाच उपाय. तो बायकोला घेऊन इजिप्तला गेला, १८८९ मध्ये परत आला आणि वाचला. परतल्यावर नोकरी नव्हती, तेव्हा त्याने बर्लिनमध्ये छोटीशी खाजगी लॅब टाकली. नंतर कॉखनी त्याला आपल्या नव्या संस्थेत बोलावून घेतलं.

१८९१ मध्ये त्याने पुढची उडी घेतली. मेथिलीन ब्ल्यू मलेरियाच्या परोपजीवीला छान रंगवतो हे माहीत होतंच. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तापाच्या पेशंटचं रक्त तपासताना जो जेएसबी रंग वापरतात, त्यातही मेथिलीन ब्ल्यू आणि इओसिन असतात. एर्लिखने विचार केला की रंग त्या परोपजीवीला जर एवढा चिकटतो, तर पुरेसा दिला तर त्याला मारेलही. पॉल गुटमान या डॉक्टरसोबत त्याने मलेरियाच्या दोन रुग्णांना तो रंग दिला. दोघंही बरे झाले. (लघवी मात्र निळी-हिरवी होते, घाबरायचं नाही.) कारखान्यात बनवलेल्या रसायनाने माणसाचा रोग बरा करण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. ज्याला धरायचं त्यालाच धरणारा रंग हेच औषध, मधल्या कुणाला धक्का नाही.

घटसर्पाच्या प्रतिविषाच्या मात्रेचं प्रमाणीकरण, प्रतिकारशक्तीचा सिद्धांत, फ्रँकफर्टची संस्था, १९०८ चं नोबेल, हे सगळं कुठल्याही जनरल नॉलेजच्या पुस्तकात मिळेल, म्हणून इथे लिहीत नाही. त्याची लॅब कशी होती ते सांगतो. खोलीत मासिकांचे ढीग इतके, की पाहुण्याला बसायला खुर्ची रिकामी नसायची. कपाटात रसायनांच्या हजारो बाटल्या. दिवसाला पंचवीस सिगार. रोज सकाळी सहकाऱ्यांना रंगीत कागदाच्या चिठ्ठ्यांवर आजची कामं लिहून द्यायचा. कागद नसला तर शर्टाच्या कफवर नाहीतर टेबलक्लॉथवर फॉर्म्युले. आमच्या हॉस्टेलची एखादी रूम तपासली तर सिगार सोडून बाकी सगळं सापडेल.

१९०४ मध्ये जपानी सहकारी शिगा याच्यासोबत ट्रायपॅन रेड, मग आर्सेनिकची संयुगं. त्यातलं ६०६ नंबरचं संयुग १९०७ मध्येच तयार होतं, पण एका सहाय्यकाने ते निकामी म्हणून बाजूला ठेवलं होतं. १९०९ मध्ये हाता नावाचा दुसरा जपानी सहकारी आला, एर्लिखने त्याला सगळी जुनी संयुगं पहिल्यापासून तपासायला लावली, आणि ६०६ ने सिफिलिसचे जंतू मारले. १९१० मध्ये हेक्स्ट कंपनीने ते सॅलव्हर्सन नावाने बाजारात आणलं. मग कौतुकासोबत चिखलफेकही झाली. काही रुग्ण दगावले, पैशांचे आरोप झाले, १९१४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि आरोप करणाऱ्यालाच शिक्षा झाली. पण माणूस थकला होता. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे पॉल एर्लिख वारला. नाझींनी पुढे फ्रँकफर्टमधल्या रस्त्याचं त्याचं नाव काढून टाकलं आणि म्हाताऱ्या हेडविगला १९३९ मध्ये देश सोडावा लागला. नंतर त्याच जर्मनीने २०० मार्कच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला.

जिवंत पेशी रंगवण्याचं काम त्याच्या हाताखालच्यांनी आणि नंतरच्यांनी पुढे नेलं. त्याच्याकडे उमेदवारी केलेल्या मिखाएलिसने १९०० मध्ये जानस ग्रीन नावाचा रंग शोधला, जो जिवंत पेशीत फक्त मायटोकॉन्ड्रियाला धरतो. असा रंग धनभारित असतो आणि मायटोकॉन्ड्रियाचा आतला भाग ऋण, म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांना वेगळं सांगायला नको. हेच तत्त्व १९८० च्या सुमारास रोडामिन १२३ या चमकणाऱ्या रंगात वापरलं गेलं. मायटोकॉन्ड्रियाचं व्होल्टेज उतरलं की रंग बाहेर गळतो, त्यामुळे पेशी कधी आजारी पडली हे दिसतं. एर्लिखसाठी बनवलेलं ट्रायपाफ्लाविन हे औषध जिवंत प्राण्याचे अवयव फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली बघायला १९२९ मध्ये वापरलं गेलं. आणि आज जिवंत पेशीतला डीएनए निळा चमकवायला प्रयोगशाळांत जे रंग सर्रास वापरतात, त्यांची नावंच हेक्स्ट ३३२५८ आणि हेक्स्ट ३३३४२ अशी आहेत. कंपनी तीच, आणि संयुगाचा नंबर हेच नाव ठेवायची पद्धतही ६०६ सारखीच.

आता मित्राचं राहिलं. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. डॉक्टरांनी सीबीसी करायला लावलं, त्यात इओसिनोफिल वाढलेले निघाले. ॲलर्जी होती. त्याच्या रूमच्या भिंतीला पावसाने बुरशी धरली होती. गोळ्या सुरू झाल्या, रूम बदलली, पंधरा दिवसांत खोकला थांबला. त्याच्या ग्लासने पाणी प्यायला मात्र विंगला आणखी महिना लागला. मी एर्लिखचा फोटो प्रिंट काढून काकांना नेऊन दिला, तो त्यांनी ऑरामिनच्या बाटलीच्या वर, भिंतीला चिकटवला आहे.